शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याचं कॅल्शियम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरची पॅराथायरॉइडची (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीची) गाठ काढली. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम नॉर्मल आलं, तरी डॉक्टर घरी सोडत नाहीत. का?

कारण खरा धोका अजून पुढे आहे. गाठ कॅल्शियम वाढवणारं हार्मोन भरमसाट सोडत होती, त्यामुळे उरलेल्या निरोगी ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. कॅल्शियम बहुधा दुसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वात खाली जातं. म्हणून पाच-सात दिवस रोज एकदा-दोनदा आयनाइज्ड कॅल्शियम (रक्तातलं मोकळं, कामाला येणारं कॅल्शियम) बघतात. ते साधारण 1.2 ते 1.4 मिलिमोल प्रति लिटर हवं. 0.9 च्या खाली गेलं किंवा लक्षणं दिसली, की उपचार लागतात. तोंड पंजाने किंवा चटईवर घासणं, ओठ-कान फडफडणं, अस्वस्थ धाप, ताठरलेली चाल ही सुरुवात. झटके त्यानंतर येतात, म्हणून तोंड घासायला लागल्याबरोबर दवाखाना गाठा. तिथे 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोमागे 0.5 ते 1.5 मिलि, शिरेतून 10 ते 30 मिनिटांत, ईसीजी लावून देतात; ठोके मंदावले की थांबवतात. कातडीखाली कॅल्शियम टोचू देऊ नका, तिथलं मांस सडू शकतं. आणि तपासणीचं रक्त ईडीटीएच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत नको. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आकडा खोटा कमी येतो.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर दिलेलं कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप) संपलं. घरात 60,000 युनिटचं व्हिटॅमिन डीचं पाकीट आहे. चालेल का?

अजिबात नाही. त्यात 1.5 मिलिग्रॅम कोलेकॅल्सिफेरॉल (व्हिटॅमिन डी3) असतं. 10 किलोच्या कुत्र्याला ते किलोमागे 0.15 मिलिग्रॅम पडतं, आणि 0.1 पासूनच विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. शिवाय त्याचा असर उशिरा सुरू होतो आणि कित्येक आठवडे राहतो. कॅल्सिट्रिऑल बंद केलं, की त्याचा असर काही दिवसांत ओसरतो. त्याचा डोस नॅनोग्रॅममध्ये असतो, सुरुवातीला किलोमागे दिवसाला 20 ते 30, 0.25 मायक्रोग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये 250 नॅनोग्रॅम येतात. सोबतच्या कॅल्शियम कार्बोनेटचं लेबल नीट वाचा: 1250 मिलिग्रॅमच्या गोळीत निव्वळ कॅल्शियम 500च. निव्वळ कॅल्शियम किलोमागे दिवसाला 25 ते 50 मिलिग्रॅम, विभागून, जेवणासोबत. झायलिटॉल घातलेली चघळायची गोळी कुत्र्याला विषच.

रक्तातल्या एकूण कॅल्शियमचा (आयनाइज्डचा नव्हे) आकडा नॉर्मलच्या खालच्या टोकाला किंवा किंचित खाली, 8 ते 9.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ठेवायचा. जास्त भरलं तर झोपलेल्या ग्रंथी जाग्याच होत नाहीत. औषध तपासण्या करत तीन ते सहा महिन्यांत उतरवायचं, स्वतःच्या मनाने नाही.

प्रश्न: गुदग्रंथीचा कॅन्सर काढल्यावर कॅल्शियम उतरलं होतं. चार महिन्यांनी कुत्री पुन्हा भरपूर पाणी पिते, लघवीही वाढली आहे.

याच आठवड्यात कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) करा. ही गाठ कॅल्शियम वाढवणारं रसायन सोडते. आकडा पुन्हा चढला, तर बहुधा कमरेखालच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर परतलेला असतो. पोटाची सोनोग्राफी करून घ्या. तोवर पाणी मुळीच तोडू नका, मूत्रपिंडं त्यावरच टिकतात.