जुन्या मराठी छपाईचा अभ्यास घरबसल्या सुरू करताना

१५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, तिथून सुरुवात करायचा मोह होतो. पण तुम्ही एकोणिसाव्या शतकापासून सुरू करा. त्या काळची पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह (archive.org) या संकेतस्थळावर पानं उलटून पाहता येतात. नुसता टंकित मजकूर वाचू नका, स्कॅनच उघडा आणि मोठं करून पाहा. एकाच पानावरचे चार-पाच 'क' शेजारी ठेवून बघा. हुबेहूब एकसारखे असतील तर बहुधा खिळ्यांची छपाई, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेली. प्रत्येकाचं वळण जरा वेगळं असेल तर शिळाछाप, म्हणजे लेखनिकाचा हात दगडावरून कागदावर उतरलेला. ही नजर बसली की अर्धं काम झालं.

शोधताना नुसतं 'मराठी' टाकून भागत नाही. इंग्रजांनी 'महरट्टा' (Mahratta) असंही लिहिलंय. मिशनरी विल्यम केरीचं १८०५ चं मराठी व्याकरण त्याच नावाखाली सापडेल.

आणि खरा खजिना वेगळाच आहे. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघत. पुस्तक कुणी छापलं, कुठे, किती प्रती, किंमत काय, खिळ्यांवर की दगडावर, सगळं त्यात नोंदलेलं असे. त्यांतल्या ज्या स्कॅन झालेल्या मिळतील त्या आधी उतरवून घ्या. एखादा छापखाना निवडा आणि त्याची नोंद यादीमागून यादीत शोधत जा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे; जुने शब्द अडले की तो उघडा.