सोसायटीच्या गळतीसाठी ड्रोन सर्व्हे: आमचा माजिवड्याचा अनुभव

सेक्रेटरीसाहेब, नेरुळची 28 वर्षांची सात मजली इमारत, पश्चिमेच्या भिंतीला ओल, आणि वॉटरप्रूफिंगवाला म्हणतोय की आधी ड्रोनने सर्व्हे करू, परांची बांधायचा खर्च वाचेल. करावा का, असं तुम्ही विचारलंय. करा, पण त्याच्याकडून नको. ज्याला पुढचं काम मिळणार त्यालाच रोग शोधायला लावलं, तर रोग मोठाच निघणार.

ठाण्यात माजिवड्याला आम्ही हेच केलं. ठेकेदाराच्या माणसाने थर्मल कॅमेऱ्याचा, म्हणजे तापमानातला फरक रंगांत दाखवणारा, ड्रोन फिरवला आणि जनरल बॉडीत पडद्यावर पाचव्या मजल्याखाली भलामोठा निळा डाग दाखवला. सगळे गार! पूर्ण इमारतीला कोटिंग करायचं जवळजवळ ठरलंच होतं. आमच्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी पाचव्या मजल्यावरच्या बाथरूमचा वापर चार दिवस बंद ठेवायला लावला. ओल पुढे सरकायची थांबली. मग नहाणीत रंगीत पाणी ओतलं, ते खालच्या भिंतीतून आलं. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचा, सांधा गेला होता. बाहेरची भिंत बिचारी धड होती.

म्हणजे ड्रोनने खोटं सांगितलं नव्हतं. उन्हात तापलेली भिंत संध्याकाळी निवताना ओला भाग कोरड्यापेक्षा वेगळ्या वेगाने निवतो, तेवढंच त्या कॅमेऱ्याला कळतं. पाणी कुठून आलं ते नाही. शिवाय एसीचं आउटडोअर युनिट, नंतर मारलेल्या रंगाचा पट्टा, असलं काहीही वेगळ्या रंगात उमटतं. भर दुपारी काढलेले थर्मल फोटो कुणी दाखवले तर सरळ परत करा.

साध्या कॅमेऱ्याचा उपयोग मात्र आम्हाला भरपूर झाला. डक्टच्या बाजूला ड्रेनेज पाइपमागे उगवलेला पिंपळ, छज्ज्याच्या खालच्या बाजूचे उघडे पडलेले गज, टाकीवरचं फुटकं झाकण: हे गच्चीवरून वाकून कुणाला दिसलं नसतं. पण प्लास्टर पोकळ झालंय का, हे हातोडी ठोकूनच कळतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या मॉडेल उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी लागतं, ते ड्रोनच्या व्हिडिओवर भागणार नाही. तुमचं राहिलं असेल तर आधी ते उरका, ड्रोनचे फोटो ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरच्याच हाती द्या.

आता तुमच्या भागाची खास अडचण. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडतायत. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण नेरुळ त्या पट्ट्यापेक्षाही विमानतळाच्या जवळ आहे. तिथे जमिनीपासूनच परवानगीचा प्रश्न येतो. ‘आमचा 250 ग्रॅमच्या आतला नॅनो आहे, काही लागत नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण विमानतळाची हद्द त्यालाही चुकत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशात तुमचा सेक्टर स्वतः बघा, आणि पोलीस आयुक्तालयाचा ड्रोनबंदीचा आदेश तेव्हा लागू आहे का तेही विचारा. असे आदेश अधूनमधून निघतात.

रहिवाशांना दोन दिवस आधी नोटीस लावा, कुठल्या विंगला किती वाजता ते लिहून. आमच्याकडे ते राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, समोर ड्रोन. पुढचे तीन महिने कमिटीला तेच ऐकावं लागलं. संक्रांतीच्या आठवड्यात तर बोलावूच नका, मांजा पंख्यात गुंतला की ड्रोन कुणाच्या तरी गाडीच्या काचेवर. थर्ड पार्टी विम्याची प्रत म्हणूनच आधी मागायची.

आणि पैसे देण्यापूर्वी मूळ फोटो आणि पूर्ण व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्या. आमच्या ठेकेदाराने फक्त निवडक फोटोंची पीडीएफ दिली होती.