कार्बोनेटच्या तीन चित्रांपैकी खरं कोणतं?

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून. कार्बोनेट आयनच्या (एक कार्बन, तीन ऑक्सिजन, दोन ऋण भार) तीन रेझोनन्स रचना, म्हणजे अणू तिथेच ठेवून फक्त इलेक्ट्रॉन वेगळे मांडलेली चित्रं, मला काढता येतात, पण त्यांतली खरी कोणती? की आयन भराभर रूपं पालटतो?
– विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : खरी एकही नाही, आणि पालटणंही नाही. मोजमापच बघा. एकेरी कार्बन-ऑक्सिजन बंध 143 पिकोमीटरच्या आसपास, दुहेरी 120 च्या. कार्बोनेटचे तिन्ही बंध मात्र सारखेच, सुमारे 129. दुहेरी बंधाचे जादा दोन इलेक्ट्रॉन चारही अणूंवर पसरलेले असतात. प्रत्येक बंधाची ऑर्डर (तो सरासरी किती पदरी आहे ते) 4/3, हिशेबाने प्रत्येक ऑक्सिजनवर −2/3 भार. हे एका चित्रात मावत नाही, म्हणून तीन काढायची.

काढण्याआधी इलेक्ट्रॉन मोजा. कार्बनचे 4, तीन ऑक्सिजनचे 18, ऋण भाराचे 2; एकूण 24. हे शेवटचे 2 विसरले की पुढचं सगळं फसतं. एकेरी बंधांत 6 गेले, उरलेले 18 ऑक्सिजनवर प्रत्येकी 6 ठेवा. कार्बनभोवती 6च भरतात, हवेत 8, म्हणून एका ऑक्सिजनची एक जोडी बंधात ओढा. इलेक्ट्रॉन कुठे सरकले हे दाखवणारा वाकडा बाण त्या जोडीपासून निघतो, भाराच्या चिन्हापासून नव्हे. दोन रचनांच्या मधे दोन टोकांचा एकच बाण हवा. उलटसुलट दोन बाण म्हणजे समतोल, दोन्ही दिशांनी चालणारी अभिक्रिया. ते काढलेत की 'रूपं पालटतात' असंच पेपरात लिहिल्यासारखं! अणू जागचा हलला तर तो रेझोनन्स नाही. कीटो आणि इनॉल या एकाच संयुगाच्या दोन रूपांमध्ये हायड्रोजन सरकतो, ते टॉटोमेरिझम.

प्रश्न : हळदीच्या डागाला धुण्याचा सोडा लागला की तो लाल होतो. याचा रेझोनन्सशी संबंध आहे का?
– वाचक, निपाणी

उत्तर : आहे. कर्क्युमिनमध्ये, म्हणजे हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्यात, एकाआड एक दुहेरी बंध असतात. सोडा त्यातला प्रोटॉन (H⁺) काढून घेतो, मागे राहिलेली इलेक्ट्रॉनजोडी साखळीभर पसरते आणि इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापातळीवर चढायला कमी ऊर्जा पुरते. मग निळ्या-जांभळ्याऐवजी हिरव्याकडचा प्रकाश शोषला जातो आणि डाग लाल दिसतो.

करून बघायचं तर चिमूटभर हळद दोन चमचे स्पिरिटमध्ये ढवळा (शेगडीपासून लांब), त्यात गाळणकागद बुडवून वाळवा, वर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. खाण्याचा सोडा सौम्य, त्याने रंग धड येत नाही. लिंबू पिळलं की पिवळा परत. हळदीत टाकणखार (बोरॅक्स) घालून केलेल्या कुंकवाची लाली मात्र वेगळी. तिथे टाकणखारातला बोरॉन कर्क्युमिनला जोडला जातो, आणि त्यासाठी लिंबू उलट लागतंच.