वाचकांचे प्रश्न : सेलवरचा आकडा आणि प्रत्यक्षातला भार

व्हेपिंगच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, उपकरणांतील रिचार्जेबल बॅटऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. निकोटिनच्या अपायाचा विषय वेगळा आणि गंभीर आहे; त्याला येथे हात घातलेला नाही. मात्र चुकीच्या सेलमुळे होणारी भाजण्याची इजा क्षणात होते, म्हणून बॅटरीच्या प्रश्नांना उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रश्न : माझ्या उपकरणात १८६५० आकाराचा एकच सेल बसतो आणि मी ते ६० वॉटवर वापरतो. जुना सेल २५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचे माप) होता. अधिक वेळ चालावा म्हणून ३४०० एमएएचचा नामांकित कंपनीचा सेल घेतला. पण थोड्याच झुरक्यांनंतर बॅटरी संपत आल्याचा इशारा येतो, आणि चार्जरवर लावल्यावर मात्र तोच सेल अर्ध्याहून अधिक भरलेला दिसतो. सेल बनावट असावा का? दोन सेलांची तुलना नेमकी कशी करावी?

उत्तर : आपला सेल बहुधा अस्सल आहे, तो फक्त या कामासाठी घडवलेला नाही. आपण ज्या आकड्यावरून निवड केली, तो आकडा अतिशय सौम्य भाराखाली मोजलेला असतो. उत्पादक साधारणपणे सेल पाच तासांत रिकामा होईल इतकाच प्रवाह घेतात, म्हणजे ३४०० एमएएचच्या सेलमधून अवघा ०.६८ अँपिअर, आणि व्होल्टेज बहुधा २.५ पर्यंत उतरेपर्यंत मोजणी चालू ठेवतात. आपले उपकरण त्याच सेलकडून किती मागते, ते पाहा. भाराखाली सेलचे व्होल्टेज ३.४ धरले आणि उपकरणातील मंडलाची (सर्किटची) कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर ६० वॉटसाठी सुमारे २० अँपिअर लागतात. मोजणीच्या वेळचा भार आणि हा भार यांत जवळजवळ तीसपटींचे अंतर आहे.

प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला विरोध, असतो, आणि सगळा फरक तेथे पडतो. समजा, एका सेलचा रोध ०.०२५ ओहम आहे आणि दुसऱ्याचा ०.०५ ओहम. २० अँपिअरच्या प्रवाहाला पहिल्या सेलचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने खाली बसेल, तर दुसऱ्याचे पूर्ण एका व्होल्टने, म्हणजे ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला दुसरा सेल पहिल्याच झुरक्याला ३.२ वर येईल. पुष्कळशी उपकरणे ३.० ते ३.२ व्होल्टच्या आसपास काम थांबवतात, त्यामुळे आपल्याला इशारा दिसतो. झुरका संपला की भार हटतो, व्होल्टेज पुन्हा वर चढते आणि चार्जरला सेल भरलेला वाटतो. ऊर्जा आत शिल्लक असते, पण ती या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. शिवाय प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने पहिल्या सेलमध्ये १० वॉट उष्णता निर्माण होते, तर दुसऱ्यात २० वॉट. आणि जेमतेम ४५ ग्रॅम वजनाच्या वस्तूच्या पोटात २० वॉट उष्णता ही काळजीची गोष्ट आहे.

क्षमता आणि प्रवाह या दोन्ही गोष्टी एकाच सेलमध्ये भरपूर का मिळत नाहीत, असे आपण विचाराल. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर उंचीच्या डब्यात जागा ठरलेलीच असते. धातूच्या पातळ पत्र्यांवर क्रियाशील द्रव्याचा जाड थर दिला तर क्षमता वाढते, पण आयनांना लांबचा प्रवास करावा लागतो आणि रोधही वाढतो. पातळ थर देऊन पत्र्याची लांबी वाढवली तर प्रवाह मोकळा होतो, पण क्षमता घटते. म्हणूनच सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा सेल सलग २० अँपिअर देतो आणि सोनीचा, म्हणजे आता मुराताचा, व्हीटीसी५ए हा २६०० एमएएचचा सेल २५ अँपिअर देतो. उलट सुमारे ३४०० एमएएचचा पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी दहा अँपिअरच्या आतल्या कामांसाठीच योग्य ठरतो. आपल्या ६० वॉटसाठी पहिल्या दोहोंच्या वर्गातला सेल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ४० वॉटवर उतरण्याची तयारी असेल, तर प्रवाह १३ अँपिअरच्या आसपास येतो आणि १५ अँपिअर देणारा, सॅमसंगच्या ३०क्यूसारखा ३००० एमएएचचा सेल चालतो. ३४०० चा खरा लाभ १५ वॉटच्या आसपास, म्हणजे पाच अँपिअरच्या भारावर मिळतो.

तुलना करताना दोन्ही सेलांवर भार सारखा ठेवावा, थांबण्याचे व्होल्टेजही सारखे ठेवावे, आणि मिळालेली ऊर्जा एमएएचऐवजी वॉट-तासांत मोजावी, कारण उपकरणाला वॉट हवे असतात आणि व्होल्टेज खाली बसलेल्या सेलचा प्रत्येक मिलिअँपिअर-तास कमी मोलाचा असतो. सेल किती तापला याचीही नोंद ठेवावी. घरगुती चार्जरमधील क्षमता-चाचणीवर येथे विसंबू नये. ती बहुधा अर्ध्या ते एका अँपिअरवर होते, त्यामुळे ३४०० चा सेलच सरस दिसेल आणि आपण पुन्हा त्याच निष्कर्षावर याल. चार्जर दाखवतो त्या अंतर्गत रोधाच्या आकड्यातही संपर्काचा रोध मिसळलेला असतो; तोच सेल काढून पुन्हा बसवला तरी आकडा बदलतो.

माहितीपत्रक वाचताना ‘सलग’ आणि ‘क्षणिक’ प्रवाह यांत गल्लत करू नये. क्षणिक म्हणजे किती सेकंद आणि मध्ये विश्रांती किती, याचा सर्वमान्य नियम नसल्यामुळे आवरणावर छापलेले ३५ किंवा ४० अँपिअर तुलनेला निरुपयोगी आहेत. सोनीच्या व्हीटीसी६ या ३००० एमएएचच्या सेलचे उदाहरण बोलके आहे. त्याचा सलग प्रवाह १५ अँपिअर आहे. ३० अँपिअरचा उल्लेख आहे तो ८० अंश सेल्सिअसला भार तोडण्याच्या अटीवर, आणि सामान्य उपकरण सेलचे तापमान मोजतच नाही.

प्रश्न : १८६५० आकारातच ९९०० एमएएचचा सेल स्वस्तात मिळतो आहे. तसेच माझ्या दोन सेलांच्या उपकरणात एक नवा आणि एक जुना सेल वापरला तर चालेल का?

उत्तर : पहिला सेल घेऊ नये. या आकारात सुमारे ४००० एमएएचच्या बराच पुढचा आकडा दिसला की तो खोटा समजावा. अस्सल सेलचे वजन ४५ ते ४८ ग्रॅम असते. बनावट सेल पुष्कळदा तराजूवरच उघडा पडतो. मात्र वजन बरोबर भरले म्हणजे सेल चांगला, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या सेलांना नवे आवरण चढवूनही विकले जाते.

नवा आणि जुना सेल एकत्र वापरू नये. एकसर (एकामागून एक) जोडणीत दोघांतून सारखाच प्रवाह वाहतो, त्यामुळे थकलेला सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली ओढत राहतो. जोडी एकाच वेळी घ्यावी, एकत्र चार्ज करावी आणि एकत्रच बाद करावी. दोन सेल आहेत म्हणून वॉटही दुप्पट केले, तर प्रत्येक सेलवरचा भार अर्धा झाला, असे मानू नये. एकसर जोडणीत १२० वॉटला प्रत्येक सेलवर तेवढाच प्रवाह येतो जेवढा एका सेलवर ६० वॉटला येतो.

प्रश्न : सेलच्या प्लॅस्टिक आवरणाला वरच्या टोकाशी छोटी चीर पडली आहे. सेल उत्तम चालतो. बदलणे खरेच गरजेचे आहे का?

उत्तर : होय, आणि तो आजच वापरातून काढावा. धन टोकाची टोपी तेवढी धन असते. तिच्या भोवतालची कड, सगळा बाजूचा भाग आणि तळ हा ऋण असतो. टोपी आणि कड यांच्यामध्ये केवळ कागदाची वा प्लॅस्टिकची चकती आणि ते पातळ आवरण एवढेच असते. चिरेतून उपकरणाचा धातू कडेला आणि टोपीला एकाच वेळी टेकला, तर शॉर्टसर्किट होते, आणि जो सेल २० अँपिअरसाठी बनवला आहे तो त्या क्षणी त्याहून कितीतरी अधिक प्रवाह सोडतो. खिशात सुट्या ठेवलेल्या सेलला किल्ल्या लागल्या तरी हेच होते, म्हणून सेल नेहमी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक संरक्षण नसलेल्या यांत्रिक उपकरणात तर धोका दुप्पट आहे, तेथे ०.२ ओहमची कॉइल (द्रव तापवणारी तार) ४.२ व्होल्टला २१ अँपिअर ओढते आणि मध्ये अडवणारे काहीच नसते.

सेल अन्यथा सुस्थितीत असेल, त्याला पोचा पडलेला नसेल आणि चकती शाबूत असेल, तर त्याच मापाचे आकुंचन पावणारे नवे आवरण चढवता येते; ते मंद उष्ण हवेने बसवावे, ज्योतीने कधीही नाही. सेल पडलेला असेल, फुगला असेल, किंवा चार्जिंग करताना पूर्वीपेक्षा अधिक तापत असेल, तर आवरण बदलण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावा, घरच्या कचऱ्यात टाकू नये.