मुंबई सोडून कोल्हापूरला कायमचं राहायला जावं का? पगार कमी मिळणार असेल तरी परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की घर विरारला, तुम्ही अंधेरीत, मिसेस बीकेसीत एका बँकेच्या बॅक ऑफिसला, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत. तुम्हाला कोल्हापुरातल्या एका फौंड्रीतून क्वालिटीच्या कामाची ऑफर आलीय. पगार कमी, पण खर्चही कमी होईल, मग यावं का, असा एकूण प्रश्न.

खर्चाचा हिशोब नंतर करा. आधी मिसेसच्या नोकरीचं काय, ते ठरवा. तुमच्या प्रश्नात तिच्याबद्दल एकच ओळ आहे, "ती तिकडे काहीतरी बघेल." मी ते "काहीतरी बघितलेली" बाई आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही डोंबिवलीचे. नवरा कास्टिंग डिझाइनमध्ये, मी परळला एका कंपनीत अकाउंट्सला. त्याचं आजोळ इथलं, त्यामुळे गोकुळ शिरगावला जागा निघाली तेव्हा त्याला फार विचार करावा लागला नाही. आणि खरंच, त्याच्या धंद्यासाठी कोल्हापूर लहान गाव नाहीच. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडे ओतकाम आणि मशीनिंग. उद्या या कंपनीत मालकाशी पटलं नाही तर तुम्ही दुसऱ्या गेटवर उभे राहाल. तुमचं काम फौंड्रीचं असेल तर उलट इथे जास्त लोक ओळखतील तुम्हाला.

मिसेसचं तसं नाही. इथे बँकांच्या शाखा आहेत, सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ आहेत. पण बीकेसीत ज्या प्रकारचं काम ती करते, ते काम शाखेत नसतं. मुंबईत एक नोकरी गेली तर त्याच लोकलने चार स्टेशनं अलीकडे-पलीकडे दुसरी मिळते. मुंबईतली ती खरी चैन, आणि ती सोडेपर्यंत लक्षात येत नाही. इथे तिच्या कामाची दोन-तीन ठिकाणं असतील, आणि तिथे आधीच कुणीतरी पंधरा वर्षं बसलेलं असेल.

माझी शाहूपुरीतल्या एका ऑफिसातली मुलाखत सांगते. जीएसटी, टीडीएस, ऑडिट, सगळं विचारून झालं. मग साहेब खुर्चीत मागे रेलले. "मिस्टर कुठं असतात? सासर कुठलं? बाळाला बघायला घरी कोण हाय?" परळच्या एचआरने हे विचारलं असतं तर मी मेल टाकला असता. इथे त्यात वाईट हेतू नव्हता, उलट सासूबाईंच्या माहेरची ओळख निघाली आणि चहा आला. पगाराचा आकडा मात्र माझ्या मुंबईच्या पगाराच्या निम्म्याहून थोडा खाली होता. ओळख निघाली म्हणून तो वाढला नाही.

शेवटी मी मुंबईतल्या जुन्या दोन क्लायंटचं काम घरून घेतलं आणि इथल्या काही व्यापाऱ्यांची रिटर्न्स करते. बरं चाललंय, पण हे जमायला बराच काळ गेला, आणि त्या काळात घरात मीच चिडचिडी होते. तुमच्या मिसेसच्या बँकेत घरून काम करायची सोय असेल तर ती लेखी घ्या. तोंडी "बघू" वर राजीनामा देऊ नका आणि बदलीवरही विसंबू नका. महिन्यातून एखादी मुंबईवारी जमण्यासारखी आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री इथून निघते, सकाळी सीएसएमटी. पण हे तिकीट ऐनवेळी मिळत नाही. आणि गाडी काढून जाऊ म्हणाल तर हायवेचं सातारा-कागल सहापदरीकरण हा इथल्या लोकांचा कायमचा वैतागाचा विषय आहे.

आता खर्च. घरभाडं आम्हाला डोंबिवलीपेक्षा बरंच कमी पडलं, लोकलचा पास आणि रिक्षा सुटली. पण महापालिकेच्या केएमटी बसेसच्या भरवशावर नोकरी होत नाही, म्हणून दोन गाड्या घ्याव्या लागल्या. शाळेची फी तुम्हाला वाटतेय तितकी स्वस्त नाही. आणि एक खर्च कुठल्याही यादीत नसतो तो म्हणजे पाहुणे. मुंबईत आपल्याकडे कोण येतं? इथे नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला डोंबिवलीचे शेजारीसुद्धा येतात, मुक्कामाला येतात, आणि मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा झाल्याशिवाय परत जात नाहीत. मटणाचा भाव तर विचारूच नका.

शिल्लक टाकण्याच्या बाबतीत आम्ही मुंबईत होतो तिथेच आहोत. फरक पडलाय वेळेत. नवरा डोंबिवलीत मुलगा झोपल्यावर घरी यायचा. आता दिवेलागणीच्या आत घरात असतो. कधी जेवण झाल्यावर गंगावेशीला दूध प्यायला जातो. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो, आणि फेसाळलेला ग्लास तसाच हातात देतो, कोमट. माझ्या मुलाने पहिल्यांदा विचारलं होतं, "हे गरम कुणी केलं?" मला स्वतःला ते आजही पूर्ण ग्लास जात नाही, पण जायला आवडतं.

ओळखीपाळखीचं मात्र आधीच सांगून ठेवते, कारण यावरून माझी एक मैत्रीण वर्षभरात ठाण्याला परत गेली. इथे काम ओळखीने होतं. प्लंबर, शाळेचा प्रवेश, चांगल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळीकडे "कुणाचे कोण" हे आधी. ते कळलं की माणसं जीव टाकतात. सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा खालच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढून गाडी काढली, पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. पण तोच दुकानदार मी रंकाळ्यावर कुणाबरोबर भेळ खात होते हेही सांगतो. "वैनी, काल भाऊ आल्ता वाटतं मुंबईचा?" भाऊ नव्हता, जुना सहकारी होता. मी तसं सांगितलं आणि विषय तिथे संपवला. ज्याला हे सहन होत नाही त्याने येऊ नये, त्यात कुणाची चूक नाही. मुंबईत कुणी विचारत नाही याचा मला त्रास व्हायचा. इथे सगळे विचारतात याचा कधी कधी होतो. मला दुसरा त्रास परवडतो.

घराबद्दल. लगेच विकत घेऊ नका. एक पावसाळा भाड्याने काढा. विरारला पाणी तुंबतं आणि ओसरतं. पंचगंगेचं पाणी चढतं आणि बसून राहतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. हायवे शिरोलीजवळ बंद झाला, उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडे पूर असताना नळाला पाणी नाही अशी अवस्था झाली. पावसाळ्यात इथे कुणीही फोनवर आधी विचारतो, "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात, त्यामुळे कुणाला शिव्या घालायचीही सोय नाही.

एजंट "हितं पाणी येत नाही" असंच म्हणणार. नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी या भागांत काही गल्ल्या बुडतात आणि लगतच्या कोरड्या राहतात, त्यामुळे नुसत्या भागाच्या नावावरून काही कळत नाही. आम्हाला एक फ्लॅट फार आवडला होता. मी जिन्याखाली बघितलं तर लाइटची मीटरं डोक्याच्या वर बसवलेली, आणि खाली भिंतीवर जुन्या पेटीचा चौकोन आणि भरलेली भोकं. एजंटला विचारलं तर म्हणाला, "ते लहान पोरं हात लावत्यात म्हणून." समोरच्या आजीबाईंनी न विचारता कमरेच्या वर हात लावून दाखवला. "एकोणीसला हितंपत्तूर. एकवीसला त्याच्या बी वर."

उंचावर म्हणून लोक आर. के. नगर, पाचगाव, कळंब्याकडे जातात. तिकडे पूर नाही, पण पाचगाव, कळंबा महापालिकेत नाहीत, ग्रामपंचायती आहेत. नगरपालिकेची महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासून हद्दवाढीवर नुसतं भांडण चालू आहे. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं, तेही अधूनमधून खोळंबतं. हद्दीबाहेर तर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का, हे शेजाऱ्यालाच विचारा. प्लॉट घेणार असाल तर एनए, म्हणजे रीतसर बिनशेती केलेला आहे, का गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेला, हे वकिलाकडून बघून घ्या, पाहुण्यांकडून नको. वकिलांची आता कमतरता नाही, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे बसतंय आणि सहा जिल्ह्यांचे वकील इथे येतात.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर ती सगळ्यात आधी रुळेल. माझा मुलगा वर्षाच्या आत पेठांच्या फुटबॉलवर भांडायला लागला, शाहू स्टेडियमची मॅच म्हटलं की गृहपाठ गेला.

ऑफर अजून हातात आहे तोवर मिसेसना घेऊन चार दिवस या, सुट्टी काढून, आणि त्यांच्यासाठी दोन-तीन ठिकाणी भेटी आधी ठरवून. घरं नंतर बघता येतील. शनिवार-रविवार मात्र टाळा. त्या दोन दिवशी देवळाभोवती बाहेरगावच्या गाड्यांची एवढी गर्दी असते की बिंदू चौकात पार्किंग शोधण्यातच तुमचा दिवस जाईल.