आवाज आला म्हणजे शॉकअप गेले, असे नव्हे

प्रश्न : माझी हॅचबॅक सात वर्षांची असून ८२,००० किलोमीटर चालली आहे. धायरी ते हिंजवडी असे रोजचे जाणे-येणे असते. यंदाच्या पावसाळ्यापासून पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड आवाज येतो. गॅरेजमध्ये गाडी थोडी चालवून पाहिली आणि चारही शॉकअप बदलावे लागतील, असे सांगितले. एवढा खर्च खरोखरच आवश्यक आहे का? फक्त डावा बदलून भागणार नाही का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : चारही बदलायला लगेच होकार देऊ नये. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे असते. आतला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि त्या विरोधात हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सील फाटून तेल गेले किंवा आतले व्हॉल्व्ह झिजले, की हा विरोध कमी पडतो. अशी गाडी बहुतेक वेळा खडखडत नाही, तर होडीसारखी डोलू लागते. खडखडाट येतो तो प्रायः शेजारच्या सांध्यांतून : लिंक रॉड (वळताना गाडी कलू न देणारी आडवी सळई, म्हणजे स्टॅबिलायझर बार, चाकाच्या बाजूशी जोडणारा दांडा), लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या बाहूचे) रबरी बुश, बॉल जॉइंट (गोळीचा फिरता सांधा) किंवा स्ट्रटच्या (पुढची स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र जुळणीच्या) डोक्यावरचे, गाडीच्या सांगाड्याला जोडणारे माउंटिंग.

यांतला दोषी कोण, हे आवाज केव्हा येतो त्यावरून बरेचसे ओळखता येते. उखडलेल्या डांबरावरून गाडी हळू जात असताना, एक चाक वर आणि दुसरे खाली अशा स्थितीत आवाज येत असेल, पण सरळ आडव्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाके एकदम चढताना तो जवळजवळ नाहीसा होत असेल, तर संशय लिंक रॉडवर घ्यावा. कारण दोन्ही चाके सारखीच उचलली गेली की स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही आणि लिंकवर फारसा ताण येत नाही. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच ठोका ऐकू आला, तर लोअर आर्मचे बुश आधी पाहावेत. गाडी उभी ठेवून दुसऱ्या कोणाला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगावे आणि आपण बोनेटखाली माउंटिंगकडे लक्ष ठेवावे. स्प्रिंग अडकून अचानक सुटल्यासारखा टणत्कार आला, तर वरचे बेअरिंग गेले आहे. ही दुरुस्ती चार शॉकअपच्या तुलनेत कितीतरी स्वस्तात होते.

आता शॉकअपची तपासणी. बोनेट दाबून सोडण्याची जुनी पद्धत अगदी निकामी झालेला शॉकअप दाखवते, अर्धवट झिजलेला दाखवेलच असे नाही. त्यापेक्षा चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारावा. नळीवर धुळीत मिसळलेला पातळ तेलकट थर असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. स्प्रिंगच्या खालच्या वाटीतून ओले तेल ओघळत असेल, तर मात्र तो शॉकअप संपला. त्यानंतर टायरवरून तळहात फिरवावा. ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे लागत असतील, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत धावत आहे, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडीचे नाक एकदा खाली येऊन स्थिरावते की पुन्हा पुन्हा हलत राहते, हेही पाहावे.

यांत दोष आढळला, तर खर्च टाळू नये, हे मी आग्रहाने सांगतो. उड्या मारणारे चाक ब्रेक लागताना रस्ता धरत नाही आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, तेही पावसात, तेवढे अंतर हाताशी नसते.

बदलायचे झाल्यास पुढचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर ब्रेक लावताना व वळताना दोन बाजूंचा प्रतिसाद वेगळा मिळतो. मागचे मात्र तपासून दोष दिसल्याशिवाय बदलू नयेत. पुढच्या स्ट्रटबरोबर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (जोराचा दणका झेलणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारे रबरी कव्हर नवे घ्यावे. ते काढण्यासाठी सगळी जुळणी उघडावीच लागते आणि मजुरी एकदाच पडते. नाना पेठेतून माल आणणार असाल, तर पार्ट नंबर आणि डावा-उजवा जुळवून, पक्क्या बिलावर घ्यावा.

काम चालू असताना शक्यतो जवळ उभे राहावे. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवलेला नसावा, तारेने बांधलेला असावा. नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नये. त्यावर ओरखडा पडला, की तो सील कापतो आणि नवा शॉकअपही लवकरच गळू लागतो. स्प्रिंगचे टोक वाटीतल्या खाचेत नीट बसले पाहिजे. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावीच, कारण स्ट्रटला नकलशी (चाक ज्यावर बसते त्या भागाशी) जोडणारे दोन बोल्ट सैल झाले की चाकाचा कल बदलतो.

प्रश्न : स्ट्रट घरच्या घरी बदलता येईल का? जुन्यातच तेल भरून मिळते, ते चालेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तपासणी घरी जरूर करावी. परंतु स्प्रिंग दाबून धरणाऱ्या योग्य कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट उघडणे जीवघेणे आहे. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर माणूस वाचण्याची खात्री नाही. पूर्ण जोडलेला नवा स्ट्रट मिळत असेल, तर स्प्रिंगला हात लावावा लागत नाही, तरीही गाडी स्टँडवर पक्की बसवण्याची आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळण्याची सोय हवी. तेल भरून दिलेले शॉकअप घेऊ नयेत. झिजलेले व्हॉल्व्ह आणि चरे पडलेला दांडा तेलाने दुरुस्त होत नाहीत, आणि गॅस भरलेल्या शॉकअपमधला दाब तेल ओतून परत येत नाही.