आधी टेप, मग झाडू

प्रश्न : आमच्या शेताच्या कोपऱ्यात घराण्याची जुनी दफनभूमी आहे. वीस-बावीस थडगी असतील. काही दगड आडवे पडलेत, बऱ्याचशांवरची अक्षरं पुसट झालीत. नकाशा काढून सगळी नोंद करायची आहे. काका म्हणतात, आधी साफसफाई करू, पडलेले दगड उभे करू, अक्षरांत खडू भरून फोटो काढू आणि मोबाईलवर जागा टिपू. हे बरोबर आहे का?

उत्तर : काकांची तळमळ खरी आहे, पण क्रम उलटा झालाय. एकही दगड हलवण्याआधी मोजणी करा. इतक्या आग्रहाने सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. मोजणीच्या कामात पाच-सहा वर्षं काढल्यावर मी आमच्याच कुटुंबाच्या दफनभूमीचा नकाशा काढला. कडेला वीतभर उंचीचे पाच ओबडधोबड दगड होते, अक्षर एकावरही नाही. बांधाचे निसटलेले असतील असं समजून मी ते टिपणात घेतलेच नाहीत आणि झाडलोटीत ते कुंपणापाशी रचले गेले. पुढे मावशी आली. त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाळं कुठं गेली गं?" पाचही दगड सापडले. कुठला कुठे होता, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून नाव असो-नसो, प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. पडलेला असेल तर जसा पडलाय तसाच नकाशावर घ्या. क्रमांक वहीत आणि नकाशावर लिहायचा, दगडावर रंगाने नाही. फोटो काढताना क्रमांकाची चिठ्ठी आणि मोजपट्टी शेजारी ठेवली की पुरतं.

जमीनही वाचा. उकरून पुन्हा भरलेली माती वर्षानुवर्षं खचत राहते आणि लांबट खळगा उरतो. भर दुपारी तो दिसत नाही. सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हात त्याच्यात सावली धरते. असे खळगे 'थडगं असावं' म्हणून नोंदवा. सळई खुपसून खात्री करायला जाऊ नका. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार मिळालं तर उत्तम, पण ते फक्त माती हलल्याच्या खुणा दाखवतं, आत कोण आहे ते नाही, आणि चिकणमातीत त्या लहरी फार खोल जात नाहीत.

मोबाईलचा जीपीएस उघड्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, झाडाखाली आणखी. दोन थडग्यांत हातभर अंतर असताना त्याचा काय उपयोग? त्यावर फक्त एक कोपरा टिपून ठेवा. बाकी काम टेपचं. भिंतीचा कोपरा, हद्दीचा दगड असे न हलणारे दोन बिंदू निवडा, झाड नको. त्या दोघांमधलं अंतर मोजा, मग प्रत्येक दगडाच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांचं अंतर या दोन्ही बिंदूंपासून घ्या. घरी कागदावर कंपासने दोन कंस काढले की जिथे छेदतील तिथे दगड. काटकोनाची भानगडच नाही. मात्र दोन अंतरांमधला कोन फार चिंचोळा झाला तर छेदबिंदू नेमका मिळत नाही, तिथे तिसरा बिंदू घ्या. उतारावर टेप जमिनीला चिकटवू नका. आडवा ताणून धरा आणि टोकाला ओळंबा सोडा.

खडू अजिबात नको. भरताना दगड घासला जातो, आणि आपण चुकीची रेघ ठळक केली की पुढचा माणूस तीच खरी मानतो. अक्षरांना हवा तिरका प्रकाश. दगडावर सावली धरा आणि उन्हात धरलेल्या आरशाने ऊन त्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासत जाईल असं टाका. उथळ कोरीवकामही उठून दिसतं. कॅमेरा एका जागी रोवून चारी बाजूंनी प्रकाश फिरवत फोटो घ्या. याच कल्पनेवर २००१ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी संगणकीय तंत्र मांडलं; पुराणवस्तूंवरचे झिजलेले लेख त्याने वाचले जातात.

साफसफाई सगळ्यांत शेवटी, साधं पाणी आणि मऊ ब्रशने. तारेचा ब्रश, ब्लीच, आम्ल यांना हातही लावू नका. संगमरवर आम्लात विरघळतो. बोटाने हलकं टकटक केल्यावर पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असतील, तर पाणीसुद्धा नको.

मजकूर उतरवताना ओळ तिथे ओळ, चूक तिथे चूक. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात. शंका असेल तिथे चौकटी कंसात दोन्ही लिहा. वहीत दोन रकाने ठेवा, 'दिसतं' आणि 'सांगतात'. दुसऱ्यात कुणी सांगितलं आणि कधी, हेही हवं. हे दोन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका, घरातली माहिती कितीही पक्की वाटली तरी.

आणि टेप उघडण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथे घेऊन जा. खुर्ची टाका, घाई करू नका, बोट कुठे कुठे जातं ते बघा.